वेळापत्रकाची पहिली ओळ : झोप

गणपती बसले की आमच्या दवाखान्यात एका ठरावीक वयाचे रुग्ण वाढू लागतात. वय वीस ते चोवीस. तक्रारी जवळजवळ सारख्याच. डोके जड वाटते, छातीत जळजळते, रात्री झोप लागत नाही, सकाळी जाग येत नाही आणि वाचलेले लक्षात राहत नाही. बरोबर आई किंवा वडील असतात. "डॉक्टरसाहेब, पोरगा कॅटच्या परीक्षेला बसतोय. काहीतरी ताकदीचं लिहून द्या," अशी मागणी होते. तपासून पाहावे तर रक्तदाब ठीक, छाती स्वच्छ, पोट मऊ. अशा वेळी मी त्या मुलाकडे एकच गोष्ट मागतो. "तुझं अभ्यासाचं वेळापत्रक दाखव बघू."

वेळापत्रक बहुधा वहीच्या शेवटच्या पानावर असते. पहाटे चार ते सात गणित, मग कॉलेज किंवा नोकरी, संध्याकाळी क्लास, रात्री नऊ ते साडेअकरा इंग्रजी, त्यापुढे दीडपर्यंत सराव परीक्षा. रंगीत पेनांनी छान चौकटी आखलेल्या असतात. त्यात सगळे असते, फक्त झोप कुठेच लिहिलेली नसते. दीड ते चार ही जी रिकामी जागा उरली, ती झोपेची! बहुतेक वेळा दुखण्याचे मूळ तेथेच सापडते आणि त्यावर कोणतेही टॉनिक चालत नाही.

म्हणून आजच्या लेखात एम.बी.ए.च्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास कसा आखावा, याविषयी लिहिणार आहे. "डॉक्टर, हा तुमचा विषय आहे का?" असे कोणी विचारील. मी गणिताचा मास्तर नाही, हे खरे. पण अभ्यास करणारे डोके शरीरावरच असते आणि ते शरीर शेवटी आमच्याकडे येते.

परीक्षा कशाची असते?

आधी परीक्षेचे स्वरूप पालकांनी समजून घ्यावे. अनेक पालकांची समजूत अशी असते की, ही बारावीसारखीच पाठांतराची परीक्षा आहे, जितके तास बसेल तितके गुण मिळतील. तसे नाही.

आयआयएम या संस्थांच्या प्रवेशासाठी जी कॅट परीक्षा असते, ती साधारण नोव्हेंबरच्या शेवटच्या किंवा त्याआधीच्या रविवारी होते. २००९ पासून ती संगणकावर घेतली जाते. २०२० पासून तिचा वेळ दोन तासांचा आहे. इंग्रजी वाचन व आकलन, माहितीचे विश्लेषण व तर्क, आणि गणित असे तीन विभाग, प्रत्येकाला चाळीस मिनिटे. एका विभागाचा उरलेला वेळ दुसऱ्याला देता येत नाही. २०२४ मध्ये एकूण ६८ प्रश्न होते. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी पावणेदोन मिनिटे. बरोबर उत्तराला तीन गुण मिळतात आणि पर्याय निवडण्याच्या प्रश्नात उत्तर चुकले तर एक गुण वजा होतो.

आपल्या राज्यातील महाविद्यालयांसाठी जी एम.बी.ए. सीईटी असते, ती त्यानंतर काही महिन्यांनी येते. २०२४ मध्ये ती मार्चमध्ये झाली, तर २०२५ मध्ये एप्रिलच्या सुरुवातीला. तिचे गणित वेगळे. दीडशे मिनिटांत दोनशे प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. पण वेगाची परीक्षा मात्र कडक.

दोन्ही परीक्षांत गणित दहावीच्या आसपासचे असते. शेकडेवारी, गुणोत्तर, काळ-काम-वेग, नफा-तोटा, थोडी भूमिती आणि बीजगणित. हे आपल्या मुलांनी शाळेत केलेलेच असते. अडचण येते ती ताज्या डोक्याने, घड्याळाकडे लक्ष ठेवून, कोणता प्रश्न सोडायचा आणि कोणता घ्यायचा हे पटकन ठरवण्यात. थकलेल्या माणसाची नेमकी हीच शक्ती आधी जाते. पाढे त्याला आठवतात, पण निर्णय चुकतो. आणि जिथे चुकीला दंड आहे, तिथे चुकलेला निर्णय महागात पडतो.

झोप आधी का लिहावी?

झोप म्हणजे वाया गेलेला वेळ, हा समज आपल्याकडे फार खोलवर रुजला आहे. "अमक्याचा मुलगा रात्र रात्र जागून शिकला" असे आपण कौतुकाने सांगतो. शास्त्र मात्र वेगळे सांगते. १९२४ साली अमेरिकेत जेंकिन्स आणि डॅलनबाक या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. दोन विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरे पाठ करायला दिली. पाठ करून झोपल्यावर ती जितकी लक्षात राहिली, तितकी दिवसभर जागे राहिल्यावर राहिली नाहीत. पुढे या विषयावर पुष्कळ काम झाले आणि दिवसभरात शिकलेले पक्के होण्यात झोपेचा मोठा वाटा आहे, हे दिसून आले. शेतात पाणी सोडल्यावर ते मुरायला वेळ द्यावा लागतो. झोप म्हणजे तो मुरण्याचा वेळ.

दुसरा प्रयोग १९९७ सालचा, ऑस्ट्रेलियातला. सलग सतरा तास जागे राहिलेल्या माणसांची हाता-डोळ्यांच्या समन्वयाची चाचणी घेतली. त्यांची कामगिरी, ज्यांच्या शंभर मिलिलिटर रक्तात पन्नास मिलिग्रॅम मद्यार्क आहे अशा माणसांइतकी घसरलेली होती. आपल्याकडे वाहनचालकासाठी कायद्याची मर्यादा तीस मिलिग्रॅमची आहे! आता हिशेब करा. पहाटे पाचला उठलेला मुलगा रात्री दहाला सतरा तास जागा झालेला असतो. त्यानंतर तो जी सराव परीक्षा सोडवतो, ती कशा अवस्थेत सोडवतो? मग गुण कमी आले की रडतो आणि उद्या आणखी एक तास कमी झोपायचे ठरवतो. हे दुष्टचक्र आहे.

प्रौढ माणसाला रात्रीची किमान सात तास झोप हवी. तेव्हा वेळापत्रकाच्या पहिल्या ओळीत सात तास झोप लिहा. दुसऱ्या ओळीत नोकरी किंवा कॉलेज, प्रवास, जेवण, अंघोळ आणि घरची कामे. जे उरेल ते अभ्यासाचे. ते कमी दिसेल. दिसू द्या. पण ते खरे असेल.

खरे तास किती?

एक उदाहरण सांगतो. आमच्याच तालुक्यातील एक मुलगी, बी.कॉम. झालेली, पतसंस्थेत कारकून. एका वर्षी जूनमध्ये ती चक्कर येते म्हणून आली. जिना चढताना धाप लागत होती. तिच्या वेळापत्रकात रोज सहा तास अभ्यास लिहिलेला होता. मी म्हटले, "बाळा, एक आठवडा काही ठरवू नकोस. फक्त लिहून ठेव. किती वाजता बसलीस, किती वाजता उठलीस आणि मध्ये किती वेळा मोबाइल पाहिलास." तापाच्या रुग्णाला आम्ही तापाचा तक्ता ठेवायला सांगतो ना, तसेच. आठवड्याने ती वही घेऊन आली. "डॉक्टरकाका, सहा तास लिहिते, पण होतो दीडच," असे म्हणून ती ओशाळली. त्यात ओशाळण्यासारखे काही नव्हते. रोगाचे निदान झाले होते, इतकेच.

मग आम्ही झोपेपासून मांडणी केली. रात्री दहा ते पहाटे पाच झोप. साडेपाच ते सात गणित, कारण तेव्हा घर शांत असते आणि डोके ताजे असते. त्यानंतर घरकाम, नाश्ता, सव्वानऊची एसटी. पावणेसहापर्यंत नोकरी. पावणेसातला घरी. जेवून आठ ते सव्वानऊ इंग्रजी आणि तर्काचे प्रश्न. रोजचे पावणेतीन तास झाले. रविवारी पाच तास. दोन तासांची सराव परीक्षा, दोन तास तिची तपासणी आणि एक तास उजळणी. रविवारची दुपार आणि संध्याकाळ मोकळी.

सहा दिवसांचे साडेसोळा आणि रविवारचे पाच, असे आठवड्याचे साडेएकवीस तास. जूनच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत चोवीस आठवडे होतात. गणपती, दिवाळी, घरातले एखादे लग्न आणि एखादा ताप यांचे तीन आठवडे काढून टाका. उरलेल्या एकवीस आठवड्यांचे साडेचारशे तास झाले. हा आकडा ऐकून तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आले. थेंबे थेंबे तळे साचे, ते असे.

एसटीतल्या वेळाचे काय, असे तिने विचारले. हलत्या गाडीत बारीक अक्षर वाचू नये. डोळ्यांना ताण पडतो आणि अनेकांना मळमळते. त्या वेळात तोंडी कामे करावीत. एक ते तीसचे वर्ग, अपूर्णांकांची शेकडेवारी. एकसप्तमांश म्हणजे १४.२८ टक्के, एकअष्टमांश म्हणजे साडेबारा टक्के. खिडकीबाहेर बघत हे सहज म्हणता येते.

औषधाप्रमाणे अभ्यासही ठरलेल्या अंतराने

पाच दिवसांच्या गोळ्या एकाच दिवशी गिळल्या तर आजार पाचपट लवकर बरा होत नाही, उलट विषबाधा होते. अभ्यासाचेही तसेच आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवले की, पाठ केलेले पहिल्या काही तासांत आणि दिवसांत वेगाने विसरले जाते, पुढे विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून आज केलेला धडा उद्या पाच मिनिटे, आठवड्याने दहा मिनिटे आणि महिन्याने पुन्हा एकदा चाळावा.

चाळणे म्हणजे नुसते पुन्हा वाचणे नव्हे. पुस्तक मिटून आठवून लिहावे. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांचे दोन प्रकारे शिकणे तपासले. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. आपल्या मुलांना वाचताना "येतंय, येतंय" असे वाटते आणि परीक्षेत काही सुचत नाही, त्याचे कारण हेच.

चोवीस आठवड्यांचे तीन समान भाग करावेत. पहिले आठ आठवडे पाया घालण्याचे. गणिताचे प्रकरणवार सराव आणि रोज इंग्रजी वर्तमानपत्रातील एक अग्रलेख. मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलांना इंग्रजी उताऱ्यांचीच धास्ती असते. त्यांनी शब्दकोश पाठ करत बसू नये. लेख वाचावा, पुस्तक मिटावे आणि लेखकाला काय म्हणायचे आहे ते दोन वाक्यांत, हवे तर मराठीत, लिहावे. दुसरे आठ आठवडे विभागवार सरावाचे. चाळीस मिनिटांचे घड्याळ लावून एकच विभाग सोडवायचा. तिसरे आठ आठवडे पूर्ण सराव परीक्षांचे, आठवड्याला एक, फार तर दोन.

सराव परीक्षेपेक्षा तिची तपासणी महत्त्वाची. त्यासाठी चुकांची वेगळी वही करावी. प्रत्येक चुकीपुढे कारण लिहावे. माहीत नव्हते, घाईत वाचले, की थकून चुकले? ज्या वहीत "थकून" हा शब्द वारंवार येतो, त्या मुलाला आणखी पुस्तकांची गरज नाही, झोपेची आहे. हे निदान ती वही आपोआप करते.

पर्सेंटाइल या शब्दाविषयीही दोन शब्द. नव्वद पर्सेंटाइल म्हणजे नव्वद टक्के गुण नव्हेत. परीक्षेला बसलेल्यांपैकी सुमारे नव्वद टक्के मुले आपल्या मागे आहेत, असा त्याचा अर्थ. त्यामुळे सगळे प्रश्न सोडवण्याचा हट्ट धरू नये. येणारे नीट सोडवणे आणि न येणारे शांतपणे सोडून देणे हे कॅटमध्ये मोठे कौशल्य आहे. सीईटीत मात्र गुण कापत नाहीत, तेव्हा तेथे एकही प्रश्न कोरा ठेवू नये.

चहा, तंबाखू आणि मेंदूची टॉनिके

जागरणासाठी मुले चहा-कॉफीचा आधार घेतात. यातील कॅफीनचा निम्मा अंश शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. सायंकाळी सहाला घेतलेल्या चहाचा निम्मा परिणाम रात्री अकरालाही शिल्लक असतो. तेव्हा दुपारी चारनंतर चहा नको. सकाळचे दोन कप खुशाल घ्यावेत, मात्र रिकाम्या पोटी नको. छातीत जळजळण्याचे अर्धे कारण त्यातच असते.

काही मुले जागे राहण्यासाठी तंबाखूची चिमूट तोंडात धरतात. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी पुड्या मिळतात हे आपण सगळे जाणतो. परीक्षा संपते, व्यसन संपत नाही. ज्या हातात पदवी यायची त्या हातात कर्करोगाचा अहवाल आलेला मी पाहिला आहे. याहून अधिक लिहवत नाही.

स्मरणशक्ती वाढवणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांवर पैसे घालवू नयेत. निरोगी माणसाची स्मरणशक्ती त्यांनी वाढते, याला भरवशाचा पुरावा नाही. झोप घालवणाऱ्या किंवा झोप आणणाऱ्या गोळ्या मित्राच्या सांगण्यावरून तर मुळीच घेऊ नयेत. झोपेच्या गोळीने दुसऱ्या दिवशी डोके जड राहते आणि सवय लागते. जागे ठेवणाऱ्या गोळ्यांनी छाती धडधडते आणि झोपेची घडी पार विस्कटते. ही विशिष्ट आजारांची औषधे आहेत, अभ्यासाची नव्हेत.

याउलट ज्याची खरोखर गरज असते ते राहून जाते. थकवा फार असेल तर रक्त तपासून घ्यावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. वर सांगितलेल्या मुलीचे हिमोग्लोबिन ८.४ निघाले. स्त्रियांमध्ये ते किमान १२ असावे. ती स्वतःला आळशी समजत होती आणि घरचेही तसेच म्हणत होते. लोहाच्या गोळ्या, जेवणात लिंबू आणि जेवणाबरोबरचा चहा बंद, एवढ्यावर महिनाभरात तिची धाप कमी झाली. हिमोग्लोबिन भरून आल्यावरही या गोळ्या सुमारे तीन महिने चालू ठेवाव्या लागतात, हे लक्षात असू द्या. ज्यांचे डोके रोज संध्याकाळी दुखते, त्यांनी आधी चष्म्याचा नंबर तपासावा.

खाणे, डोळे आणि पाठ

खाण्याचे फार अवडंबर नको. सकाळी पोहे, उपमा किंवा भाजी-भाकरी, मधल्या वेळी केळे किंवा शेंगदाणे-गूळ, दुपारी डाळ, उसळ, भाजी, पोळी आणि ताक. रात्रीचे जेवण हलके आणि झोपण्याच्या किमान दोन तास आधी. उपवास करणाऱ्यांनी साबुदाण्याच्या खिचडीवर दिवसभर अभ्यासाची अपेक्षा ठेवू नये. परीक्षेच्या आठवड्यात उपवास नको, देव रागावत नाही.

परीक्षा संगणकावर, सराव संगणकावर, शिकवणी मोबाइलवर. सगळा ताण डोळ्यांवर. पडद्याकडे एकटक पाहताना आपण पापण्या कमी मिटतो, म्हणून डोळे चुरचुरतात. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहावे. जाणूनबुजून पापण्या मिटाव्यात. मोबाइलवर दोन तास शिकवणी पाहायची असेल तर तो हातात धरून मान वाकवू नये. पुस्तकांच्या ढिगावर डोळ्यांसमोर उभा ठेवावा. अंथरुणावर लोळून अभ्यास करू नये. त्याने मान धरते आणि अंथरूण म्हणजे झोप हे नातेही तुटते. घरात जागा नसेल तर गावातल्या अभ्यासिकेत जावे. पाऊण तासाला उठून पाच मिनिटे चालावे. रोज अर्धा तास भरभर चालणे वेळापत्रकात लिहूनच ठेवावे. त्याने झोपही लागते आणि मनही हलके होते.

प्रवेशपत्र हाती आले की

कॅट एकाच दिवशी सकाळी, दुपारी आणि सायंकाळी अशा तीन सत्रांत होते. आपले सत्र प्रवेशपत्रावर कळते. त्या दिवसापासून सराव परीक्षा त्याच वेळेला द्यावी. शरीराचे एक घड्याळ असते. रोज दुपारी डुलकी घेणाऱ्याला दुपारचे सत्र मिळाले, तर ती डुलकी परीक्षेतही यायचीच. दोन-तीन आठवडे आधीपासून सवय बदलली तर शरीर जुळवून घेते. सराव परीक्षेत मध्ये उठू नये, पाणी आणि लघवी आधी उरकून बसावे, म्हणजे तीही सवय लागते.

कॅट दिवाळीनंतर लगेच येते. लक्ष्मीपूजन आणि भाऊबीज आनंदाने करावी, पण फराळ बेताने. चकली-करंजीने बिघडलेले पोट घेऊन आलेले परीक्षार्थी मी दरवर्षी पाहतो. शेवटच्या आठवड्यात नवीन प्रकरण हाती घेऊ नये. चुकांची वही वाचावी. केंद्र परगावी असेल तर आदल्या दिवशीच पोचावे. रात्रभर बसमध्ये अवघडून सकाळी पेपर देणे म्हणजे सहा महिन्यांच्या कष्टांवर पाणी सोडणे. आदल्या रात्री झोप कमी लागली तरी घाबरू नये. आधीच्या आठवड्याची झोप शिल्लक असेल तर एका रात्रीने फार बिघडत नाही.

पेपर समोर आल्यावर छाती धडधडली, हात गार पडले तर चार आकडे मोजत श्वास घ्यावा आणि सहा आकडे मोजत हळूहळू सोडावा. असे दहा वेळा करावे. सोडलेला श्वास लांबवला की हृदयाचे ठोके मंदावतात. हे घरी रोज करून पाहावे. तहान लागल्यावर विहीर खणून चालत नाही.

पालकांसाठी

शेवटी पालकांशी थोडे स्पष्ट बोलतो. त्या मुलीच्या वडिलांनी तिला एकच वर्ष दिले होते. "डॉक्टर, या खेपेला झालं तर झालं. नाहीतर मे महिन्यात उरकून टाकायचं," असे ते मला तिच्या देखतच म्हणाले. तिला रात्री झोप का येत नव्हती, ते मला त्या क्षणी कळले. गोळीने रक्त वाढते, पण उशाशी बसलेली टांगती तलवार गोळीने जात नाही. मी त्यांना बसवून सांगितले की, कॅटला वयाची अट नाही, नोकरी करूनही ती पुन्हा देता येते. हाच अभ्यास सीईटीलाही उपयोगी पडतो. मुलगी नोकरी सांभाळून, घरकाम करून पहाटे पाचला उठते, तेव्हा तिला मुदत देण्याऐवजी पहाटेचा एक कप दूध द्या. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "सीईटीपर्यंत स्थळं बघत नाही." त्या दिवसापासून घरातला टीव्हीही आठ ते सव्वानऊ बंद राहू लागला.

कॅटमध्ये तिला ८१ पर्सेंटाइल मिळाले. आयआयएमचे बोलावणे आले नाही. ती चार दिवस रडली आणि पाचव्या दिवशी पुन्हा पहाटे उठली. पुढच्या सीईटीत तिने चांगले गुण मिळवले आणि पुण्यातील एका महाविद्यालयात तिला प्रवेश मिळाला. प्रत्येकाचे असेच होईल असे मी म्हणणार नाही. परंतु जो मुलगा किंवा मुलगी तब्येत शाबूत ठेवून पहिल्या अपयशापर्यंत पोचते, तीच दुसऱ्या प्रयत्नाला उभी राहू शकते.

तेव्हा शेजाऱ्याच्या मुलाशी तुलना करू नका. रोज "किती पर्सेंटाइल?" असे विचारू नका, "जेवलास का?" असे विचारा. मूल दोन आठवड्यांहून अधिक काळ गप्प गप्प राहू लागले, जेवण सुटले, आवडीच्या गोष्टीतही मन लागेना, "माझ्यामुळे तुम्हाला त्रास" किंवा "मी नसतो तर बरं झालं असतं" असे बोलू लागले, तर अभ्यासाचे पुस्तक मिटा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. शासनाची टेलिमानस ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे. तेथे आपल्या भाषेत बोलता येते. लोक काय म्हणतील याचा विचार करत बसू नका. परीक्षा दरवर्षी येते.

ज्यांच्या घरी यंदा परीक्षार्थी आहे, त्यांनी आज रात्री एवढेच करावे. एक कोरा कागद घ्यावा आणि पहिल्या ओळीत लिहावे, "रात्री दहा ते पहाटे पाच, झोप." बाकीच्या ओळी मग आपोआप सुचतील. सर्व परीक्षार्थींना मनापासून शुभेच्छा!

(पुढील आठवड्यात : थंडीतील संधिवात आणि घरगुती काळजी)